कोणतं रजिस्टर बंद होणार?

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आरोग्य खात्याच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून एकाच शब्दापाशी येतं. पोर्टल तयार आहे, टॅब वाटून झाले, प्रशिक्षणं झाली, तरी एंट्री पेंडिंग. मग कुणीतरी वडीलकीच्या सुरात सांगतं, ‘आपल्या स्टाफची मानसिकताच नाही.’ माना डोलतात, आणखी एका प्रशिक्षणाची तारीख ठरते, बैठक संपते. परिषदांतून हेच जरा भारदस्त भाषेत मांडलं जातं: माणसाचा स्वभावच बदलाला विरोध करण्याचा, आणि तो विरोध मोडून काढणं म्हणजे बदलाचं व्यवस्थापन. हे निदान चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे. ते चुकीचं असल्याचा पुरावाही कित्येक वर्षांपासून आपल्यासमोर पडून आहे.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडावा, हा आपल्याकडच्या वादाचा जुना दंडक. तो इथे पाळायला हवा, कारण ‘मानसिकता’वाल्यांची बाजू पोकळ नाही. तिला पहिला टेकू आहे तो शास्त्राचा. एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकानं १९६२ साली ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हे पुस्तक लिहिलं आणि नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे पाच गट पाडले. सगळ्यांत शेवटच्या गटाला त्यानं ‘लॅगार्ड्स’ म्हटलं, म्हणजे मागे रेंगाळणारे. व्यवस्थापन शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ती घंटेच्या आकाराची आकृती असते आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंना तिच्या शेपटाशी बसवून तो मोकळा होतो. दुसरा टेकू अनुभवाचा: कोविन, म्हणजे कोविड लसीकरणाचं पोर्टल. वरून ठाम निर्णय झाला तर अवाढव्य देशातसुद्धा संगणक चालतो, हे कोविननं दाखवलं, मग बाकीची पोर्टलं का रखडावीत? तिसरा मुद्दा बोचरा आहे, पण प्रामाणिक आहे. नोंद झाली की गैरहजेरी उघडी पडते, औषधांचा हिशोब उघडा पडतो, म्हणून नोंदच नको असते.

आता एकेक पाहू.

रॉजर्सचं नाव घेणाऱ्यांनी त्याचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसतं, असं मला वाटतं. पुढच्या आवृत्त्यांत त्यानं स्वतःच आपल्या अभ्यासशाखेचे दोष सांगितले. नवी गोष्ट चांगलीच आहे आणि सगळ्यांनी ती घ्यायलाच हवी, असं गृहीत धरण्याचा कल हा एक. आणि ती कुणी घेतली नाही तर व्यवस्थेत खोट शोधण्याऐवजी माणसाच्या माथी दोष मारण्याचा कल हा दुसरा. आपल्या आढावा बैठकीचं याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

‘बदलाला विरोध’ हा शब्दप्रयोग ज्या लेखामुळे व्यवस्थापनशास्त्रात रुळला, त्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९४८ साली लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावच्या पायजम्यांच्या कारखान्यात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काम बदललं की कामगार बायका कुरकुर करायच्या, उत्पादन घटायचं, कुणी नोकरीच सोडायचं. त्यांनी गट पाडले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीनं बदल कळवला. बदल अगदी किरकोळ होता. इस्त्री केलेले पायजमे आजवर पुठ्ठ्यावर रचायचे, ते आता खोक्यात रचायचे. सभा घेतली, स्पर्धेची अडचण सांगितली, नवे दर समजावले, शंकांना उत्तरं दिली. आपल्या तालुका प्रशिक्षणासारखंच सगळं. उत्पादन कोसळलं ते सावरलंच नाही, आणि ४० दिवसांत १७ टक्के बायका काम सोडून गेल्या. दुसऱ्या गटांत कामाची नवी रीत काय असावी, कुठली हालचाल फुकटची आहे, हे त्या बायकांनाच विचारलं. सूचनांचा इतका पाऊस पडला की टिपून घेणाऱ्याची तारांबळ उडाली. ते गट लवकर सावरले आणि उत्पादन आधीच्यापेक्षा साधारण १४ टक्क्यांनी वर गेलं.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची सहसा सांगितली जात नाही. पहिल्या, ‘विरोध करणाऱ्या’ गटातल्या उरलेल्या १३ जणींना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणलं, नवं काम दिलं, मात्र या वेळी त्यांना विचारून. त्या झपाट्यानं सावरल्या. बायका त्याच, कारखाना तोच. विरोध त्यांच्या स्वभावात असता तर अडीच महिन्यांत गेला कुठे? ज्या लेखानं हा शब्द रूढ केला, त्याच लेखानं त्याचा आजचा अर्थ खोडून काढलेला आहे.

आपल्याकडे नजर टाकली तरी हेच दिसतं. जी सिस्टर ‘पोर्टल जमत नाही’ म्हणून बदनाम आहे, तिच्याच पिशवीत ग्लुकोमीटर असतो आणि रक्तदाब मोजायचं डिजिटल यंत्र असतं. आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती सत्राचा निरोप आवाजी संदेशानं टाकते, कारण सगळ्यांना वाचायला सवड नसते हे तिला कळतं. ते तिला कुणी शिकवलेलं नाही. डॉक्टरांचं तर विचारूच नका. प्रसूतिपूर्व निदानाची तंत्रं आली तेव्हा ती स्वीकारा म्हणून कुणी कार्यशाळा भरवली नव्हती. ती इतक्या वेगानं आणि इतक्या वाईट कामासाठी पसरली की महाराष्ट्राला १९८८ साली देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तंत्रज्ञानाला बिचकणारा हा वर्ग नव्हे. ते आपल्या हाती काय देतं आणि आपला किती वेळ घेतं, हा हिशोब तो करतो, आणि तो हिशोब सहसा बरोबर असतो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात लसीकरणाच्या दिवशी मी एका उपकेंद्रात सकाळपासून बसून होते. गाव सांगत नाही. सिस्टर नोकरीत वीसेक वर्षं मुरलेल्या. एका आईनं नऊ महिन्यांचं बाळ आणलं. सिस्टरांनी वजन केलं, गोवर-रुबेलाची लस टोचली, जीवनसत्त्व ‘अ’चा डोस पाजला, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. ही झाली आरोग्यसेवा. मग लिहिणं सुरू झालं. आधी आईजवळचं माता-बाल संरक्षण कार्ड. मग सत्राची टॅली शीट. मग माता-बाल आरोग्याचं भलंमोठं आरसीएच रजिस्टर, उघडलं की टेबल झाकून टाकणारं. त्यात बाळाच्या ओळीवर डाव्या हाताचं बोट ठेवून उजवीकडे सरकत जावं लागतं, नाहीतर तारीख शेजारच्या बाळाच्या रकान्यात पडते. मग मोबाइल. तो खिडकीच्या गजाला टेकवलेला, कारण रेंज तिथंच येते. सुई टोचताना भोकाड पसरलेलं ते बाळ, चौथ्यांदा त्याचं नाव लिहून होईपर्यंत, रडून, दूध पिऊन आईच्या मांडीवर झोपूनसुद्धा गेलं होतं. बाहेर ओट्यावर बायका ताटकळत होत्या.

त्यानंतर एक गरोदर मुलगी आली. तिचा १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य-ओळखीचा नंबर, काढायचा राहिला होता. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी आला, तो नंबर नवऱ्याचा, नवरा चाकणला कंपनीत, आणि शिफ्टला फोन आत नेऊ देत नाहीत. ‘संध्याकाळी फोन कर मला, त्यांना पुन्हा पाठवायला लावू,’ सिस्टर म्हणाल्या. म्हणजे हे काम आता त्यांच्या घरी गेलं. राहिलेल्या बाकीच्या एंट्र्याही घरीच जातात, रात्री भाकऱ्या झाल्यावर. महिनाअखेरीस जिल्ह्याच्या पडद्यावर याच उपकेंद्राचा रकाना लाल दिसतो आणि लालचा अर्थ लावला जातो: मानसिकता.

रजिस्टर चालू असताना पोर्टल का, किंवा पोर्टल असताना रजिस्टर का, असं मी विचारलं. तपासणीला येणारे साहेब रजिस्टर मागतात, लेखापरीक्षणाला कागद लागतो आणि व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये पोर्टलचे आकडे विचारतात. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर आहे. सगळ्यांच्या बरोबर असण्याची बेरीज मात्र एका बाईच्या मनगटावर पडते.

याला ‘किरकोळ अडचण’ म्हणणाऱ्यांनी पिट्सबर्गचं उदाहरण वाचावं. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात २००२ च्या ऑक्टोबरमध्ये औषधांचे आदेश संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाली. सहा दिवसांत सगळं रुग्णालय नव्या पद्धतीवर आलं. बाहेरून तातडीनं हलवून आणलेल्या मुलांचा १८ महिन्यांचा हिशोब तिथल्याच डॉक्टरांनी मांडला आणि तो २००५ साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. पद्धत बदलण्याआधी अशा १३९४ मुलांपैकी ३९ दगावली होती, म्हणजे २.८० टक्के. बदलल्यानंतर ५४८ पैकी ३६, म्हणजे ६.५७ टक्के.

कारणं वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती अगदी घरगुती आहेत. पूर्वी रुग्णवाहिकेतून निरोप आला की मूल पोचायच्या आत डॉक्टर कागदावर आदेश लिहीत आणि सलाइन, औषधं तयार असत. आता मूल दारात येऊन त्याची नोंदणी झाल्याशिवाय संगणक आदेशच घेईना. पूर्वी एक आदेश लिहायला काही सेकंद लागत, आता दहाएक क्लिक आणि मिनिट-दोन मिनिटं. खाटेजवळची परिचारिका पडद्याकडे ओढली गेली. अतिदक्षता विभागात हाताशी असणारी औषधं मध्यवर्ती औषधालयात गेली. हा आधी-नंतरची तुलना करणारा अभ्यास होता. त्या काळात एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या, त्यामुळे मृत्यू संगणकानंच घडवले असं त्यावरून सिद्ध होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पुढचा भाग पाहा. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयानं तीच प्रणाली २००३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या अतिदक्षता विभागात आणली. तिथे त्या विभागाला लागणारे आदेशांचे संच तिथल्या मंडळींना बरोबर घेऊन आधीच बांधून ठेवले होते. मृत्यूचं प्रमाण ४.२२ टक्क्यांवरून ३.४६ वर आलं. ही घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतकी मोठी नव्हती, पण वाढ नक्कीच झाली नाही. सॉफ्टवेअर तेच, तज्ज्ञही त्याच तोलामोलाचे. फरक होता तो कामाच्या वाटेत. पिट्सबर्गच्या डॉक्टरांची कुरकुर ‘बदलाला विरोध’ म्हणून बाजूला सारता आली असती. तिच्यात रुग्णांच्या जिवाची बातमी होती.

आता तो बोचरा मुद्दा, गैरहजेरीचा. लपवाछपवी होते, हे मी नाकारणार नाही. गावोगाव बंद उपकेंद्रांची कुलपं लोकांनी पाहिलेली आहेत. पण यंत्र बसवलं की ती थांबते का? राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या मदतीनं एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या, हजेरीवर तारीख-वेळेचा शिक्का मारणाऱ्या यंत्रानं पाळत ठेवली गेली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांचा त्यावरचा अभ्यास २००८ साली आला. पहिले काही महिने हजेरी ठळकपणे वाढली. नंतर ‘सूट’ दिलेले दिवस वाढू लागले. आज बैठक, उद्या सर्वेक्षण, परवा आणखी काही. सोळा महिन्यांनी पाळतीतली उपकेंद्रं आणि पाळतीबाहेरची उपकेंद्रं यांत फरक उरला नाही. यंत्रणा निकामी झाली ती सूट मंजूर करणाऱ्यांकडून, म्हणजे नर्सबाईंच्या वरच्या पायऱ्यांवरून. ज्यांना ‘मानसिकते’चं निदान इतकं प्रिय आहे त्यांनी ते जिन्याच्या वरच्या टोकालाही लावून पाहावं.

राहिला कोविन. त्याचं यश मी मनापासून मानते. पण ते कशामुळे मिळालं? १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक पथक पाच जणांचं होतं. टोचणारी व्यक्ती एक, पडताळणीला वेगळी, गर्दी आणि निरीक्षण सांभाळायला आणखी वेगळी. टोचणाऱ्या हातावर कीबोर्डाचा भार नव्हता. नोंद एकदाच होत होती, आणि नोंदीचं फळ त्याच दिवशी मिळत होतं, प्रमाणपत्राच्या रूपानं. शिवाय जिथे कोविन वस्तुस्थितीशी अडला तिथे तो वाकला. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती. मोबाइल नसलेली माणसं त्यात मागे पडू लागली, आणि २४ मे २०२१ ला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली. त्या वेळी कुणी ‘लोकांची मानसिकता नाही’ म्हणून थांबलं नाही, नियम बदलला. उपकेंद्रातल्या सिस्टरला यातलं काय मिळतं? पाच जणांचं काम तिचं एकटीचं, आणि नोंदीचं फळ वर जातं ते परत येत नाही. त्यामुळे कोविनचा दाखला ‘मानसिकता’वाल्यांच्या कामाचा नाही, माझ्या कामाचा आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. खातं वेगळं, पण दुखणं तेच. शहरी वर्तुळात त्याची चर्चा ‘बायकांना तंत्रज्ञान नको’ अशी झाली. त्या काय सांगत होत्या ते ऐका: फोनची क्षमता अपुरी, तो सारखा अडकतो, दुरुस्तीचा खर्च आमच्या मानधनातून का, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत का, मराठीत द्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्याला एखादी वस्तू नकोच असते तो ती आपल्या भाषेत मागत नाही. आपण ज्याला विरोध म्हणालो, ती दुरुस्तीची नेमकी यादी होती. ही यादी एरवी सल्लागारांकडून पैसे मोजून करून घ्यावी लागते.

एवढ्यानं खंडन झालं. मग करायचं काय? माझं मंडन छोटं आहे. आरोग्यसेवेत नवं पोर्टल, नवं ॲप आणणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयात एक कलम असावं: अमुक तारखेपासून अमुक रजिस्टर बंद. रजिस्टरचं नाव, तारीख, आणि खाली लेखापरीक्षण व तपासणी करणाऱ्यांचीही सही. दोन्ही समांतर चालवायचा काळ ठरलेला असावा, तीन महिने म्हणजे तीन महिने. ज्या प्रकल्पाला हे कलम लिहिता येत नाही तो प्रकल्प अजून तयार नाही, मग त्याचा पडदा कितीही देखणा असो. आणि दुसरी अट: नोंद करणाऱ्याला तिच्यातून दुसऱ्या दिवशीच्या कामाचं काहीतरी परत मिळालं पाहिजे. २००९ साली सुरू झालेल्या माता-बाल ट्रॅकिंग प्रणालीचा मूळ उद्देश हाच होता, की एएनएमला तिच्या भागातल्या राहिलेल्या माता आणि बाळांची कामाची यादी मिळावी. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात नोंदी वर चढत राहिल्या आणि यादी खाली उतरायची राहून गेली.

यावर एक चांगला आक्षेप येतो. कागद बंद केला आणि सर्व्हर पडला तर? २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथलं काम हातानं चाललं, हे विसरता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर रोज दोनदा लिहिणं हे नव्हे. आग लागेल म्हणून आपण रोज पाण्याच्या बादल्या डोक्यावर घेऊन हिंडत नाही. कपाटात छापील नमुने ठेवावेत, अधूनमधून संगणक बंद ठेवून त्यावर काम करून पाहावं, नंतर ती नोंद कुणी चढवायची ते ठरवावं आणि त्या कामाचा वेळ कामातच मोजावा.

हे सगळं वरून बसून सुचणारं नाही, हेही मान्य करू. अमेरिकेत माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयांमध्ये रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचं पाकीट दोन्हींचे बारकोड ताडून मगच औषध द्यायची पद्धत आली. ती सुचली कॅन्सस राज्यातल्या टोपेका इथल्या सू किनिक या परिचारिकेला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. भाड्यानं घेतलेली मोटार परत करताना तिथल्या माणसानं हातातल्या यंत्रानं गाडीचा बारकोड टिपला, ते तिनं पाहिलं. हे गाडीसाठी होतं तर माझ्या रुग्णासाठी का नाही, असा प्रश्न तिला पडला. तिच्या रुग्णालयानं तो ऐकून घेतला, हे महत्त्वाचं. पुढे ती पद्धत त्या खात्याच्या देशभरातल्या रुग्णालयांत गेली.

त्या दिवशी दुपारी सत्र आटोपल्यावर उपकेंद्रातल्या सिस्टरांनी आपल्या पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. ती कुठल्याही तपासणीत मागितली जात नाही. तिच्यात बाळांची आणि मातांची नावं होती, पण रजिस्टरच्या क्रमानं नव्हे, पायवाटेच्या क्रमानं. आधी शाळेमागची घरं, मग ओढ्यापलीकडचा मळा, मग वीटभट्टी. नावापुढे राहिलेला डोस आणि त्यापुढे बारीक अक्षरात: ‘सासू नको म्हणते, सकाळी लवकर जाणे.’ ‘माहेरी गेली, आशाला विचारणे.’ ‘ऊसतोडीला जाणार, दसऱ्याआधी गाठणे.’ उद्याची फेरी त्या याच वहीवरून ठरवत होत्या. अशी यादी मोबाइलमध्येच आली, याच क्रमानं, तर चालेल का, मी विचारलं.

‘चालेल म्हणजे? मग वही कशाला लागेल, ताई?’ त्या म्हणाल्या. वही मिटून पिशवीत टाकली. ‘पण असं करून द्या म्हणून सांगायचं कुणाला?’